बंदुकीचा दस्ता : लांब आणि घडीचा

बंदुकीविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे बहुतेकांचे लक्ष प्रथम नळीकडे जाते. आवाज तेथून निघतो, धूर तेथून निघतो आणि गोळीही तेथूनच सुटते. मागचा लाकडी भाग, ज्याला आपण दस्ता म्हणतो, तो बिचारा सुतारकामात जमा होतो. लहानपणी माझेही मत असेच होते. आमच्या उंद्रीस, म्हणजे बुलढाणे जिल्ह्याच्या चिखली तालुक्यात, एका शेतकऱ्याकडे रानडुकरे हाकण्याकरिता परवान्याची ठासणीची बंदूक होती. माळ्यावर चढताना तिचा दस्ता अडतो म्हणून त्याने तो गावच्या सुताराकडून चांगला चार बोटे कापून घेतला. मग परीक्षा झाली. बांधावर एक फुटके मडके मांडले आणि तीस पावलांवरून बार काढला. मडके जागच्या जागी राहिले. नेमबाजाचा स्वतःचाच अंगठा मात्र नाकावर आदळून रक्त आले. आम्ही पोरे पोट धरून हसलो. दुसऱ्याच दिवशी कापलेला तुकडा पितळी पट्टीने पुन्हा जोडण्यात आला.

तो प्रसंग हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, हे फार पुढे वाचनाने कळले. बंदूक आखूड हवी आणि तरीही ती स्थिर राहावी, या पेचाने जगातील शस्त्रकारांना कित्येक पिढ्या छळले आहे.

दस्ता करतो तरी काय? गोळी जेवढ्या जोराने पुढे जाते, तेवढ्याच जोराने बंदूक मागे येते. हे न्यूटनचे गणित. गेल्या महायुद्धातील प्रसिद्ध ली-एन्फील्ड रायफलीची गोळी सुमारे ११ ग्रॅमची असे आणि ती सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सुटे. दारूच्या वायूचा जोर हिशेबात धरला, तर चार किलोची ती रायफल सेकंदाला अडीच ते तीन मीटर वेगाने खांद्यावर येते. तो धक्का खांद्यात मुरविणे हे दस्त्याचे काम झाले. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते निराळेच. नेम डोळ्यावर अवलंबून, डोळ्याची जागा गालावर अवलंबून आणि गाल टेकतो दस्त्यावर. पुढची माशी व मागची खाच यांत अर्धा मीटर अंतर असेल आणि डोळा सरकल्यामुळे त्यांच्या रेषेत एका मिलिमीटरचा फरक पडला, तर शंभर मीटरवर गोळी वीस सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणजे छातीवर धरलेला नेम दंडावरून निघून जातो!

आपल्याकडील जुन्या तोड्याच्या बंदुकीचा दस्ता सरळ, बारीक आणि काठीसारखा असे. वस्तुसंग्रहालयातील असे नमुने पाहून पुष्कळांस नवल वाटते की ही खांद्याला लावीत कशी. उंटाच्या पाठीवरील सुतरनाळेला तर खांद्याची गरजच नसे. ती खोगिरावर बसविलेल्या फिरत्या खिळीवर टेके. रुंद, वाकदार दस्त्याची, चकमकीची आणि संगिनीची बंदूक आपल्याकडे रुळली ती कवायती पलटणींबरोबर. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखानाचे गारदी लढले. पुढे महादजी शिंद्यांच्या पदरी १७८४ मध्ये द बॉयन आला आणि त्याच्या पलटणींसाठी आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका तयार होऊ लागल्या. असईच्या रानात, आमच्या मुलखापासून फार लांब नव्हे, २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीसमोर शिंद्यांचे जे पायदळ उभे राहिले ते याच परंपरेतले.

ली-एन्फील्ड रायफलीत अक्रोडाच्या दस्त्याचा विचार परिपूर्णतेस पोहोचला, असे मी म्हणेन. शिपायाच्या हाताच्या लांबीप्रमाणे आखूड, मध्यम, लांब असे निरनिराळ्या मापांचे दस्ते मिळत. दस्त्याच्या टोकाला पितळी झाकण आणि त्याच्या आड तेलाची कुपी व नळी साफ करण्याची दोरी. घरातील फडताळासारखीच ही सोय!

परंतु युद्धाचे स्वरूप पालटले. शिपाई मोटारीत बसू लागला, रणगाड्यात शिरू लागला आणि अखेर विमानातून उडी घेऊ लागला. लांब बंदूक तेथे अडचणीची. जर्मनीच्या माउझर कारखान्याने १८९६ च्या पिस्तुलाला लाकडी म्यान दिले होते. ते मागे अडकविले की त्याचाच दस्ता होई. १९३८ साली जर्मनांनीच लोखंडी घडीचा दस्ता असलेली एमपी-३८ ही छोटी मशीनगन आणली. अमेरिकेने १९४२ मध्ये छत्रीधारी सैनिकांसाठी एम-१ कार्बाइनला तारेच्या चौकटीचा घडीचा दस्ता बसविला. मात्र तो उघडा ठेवण्यास पक्की खिट्टी नव्हती, नुसता कमानीचा दाब! जर्मन दस्त्याचीही बिजागरी वापराने ढिली होई. वर दिलेले एका मिलिमीटरचे गणित आठवले म्हणजे या ढिलाईची किंमत कळून येईल.

आता एक हकीकत सांगतो. ती सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. १० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक तुकडी शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीचे नाईक यशवंत घाडगे तेवढे धडधाकट राहिले. बाकीचे सारे ठार अथवा जखमी झाले. हे घाडगे त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. ते एकटेच धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा निकामी केला. आपल्या टॉमीगनने आणखी एकास टिपले. काडतुसांची पेटी बदलण्यास सवड नव्हती. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच तडाख्यांनी लोळविले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला. वय अवघे बावीस.

टॉमीगनचा दस्ता भरीव लाकडाचा होता. तारेच्या चौकटीने तो आघात साधला असता काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आणि योगायोग असा की हीच तिसरी मराठा पलटण १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईलजवळ पुंगली पुलापाशी आकाशातून उतरली. एकाच पलटणीच्या इतिहासात भरीव दस्त्याचेही मोल आहे आणि आटोपशीर शस्त्राची निकडही आहे.

स्वतंत्र भारतात हा पेच पुण्यास आला. तेथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने इन्सास रायफल सिद्ध केली. ती स्थिर आणि घडीच्या अशा दोन्ही दस्त्यांची निघाली. उघडी असता सुमारे ९६० मिलिमीटर. घडी केली की सुमारे ७५०. वीतभर वाचली म्हणा ना! १९९९ च्या कारगिल युद्धात ती वापरली गेली. तेथील थंडीत तिची प्लास्टिकची काडतूसपेटी तडकल्याच्या तक्रारी झाल्या, यावरून चाचणीच्या मैदानापेक्षा पर्वत किती कठोर परीक्षक असतो ते दिसते. घडीच्या दस्त्याची परीक्षाही म्हणूनच केवळ लक्ष्यावर गोळ्या झाडून संपत नाही. तो शेकडो वेळा उघडून मिटावा लागतो. बंदूक उंचीवरून आपटून, चिखलात लोळवून, थंडीत गारठवून आणि उन्हात तापवून पुन्हा पाहावे लागते, की बिजागरी हलते काय, खिट्टी जाग्यावर बसते काय आणि हातमोजे घातलेल्या बोटांनी ती सुटते काय.

त्याच आस्थापनेने पुढे जी छोटी कार्बाइन केली, तिचा दस्ता घडीचा नसून सरकता आहे. मागे ओढला की खांद्याला लागतो, पुढे ढकलला की बंदुकीच्या अंगालाच चिकटून राहतो, आणि गाडीतून उतरणाऱ्या शिपायास बिजागरी उलगडीत बसावे लागत नाही.