दि. बा. पाटील : साडेबारा टक्क्यांचा हिशेब



पनवेलहून उरणच्या वाटेला लागले की जासई नावाचे गाव लागते. पूर्वी या गावाभोवती भाताची खाचरे होती, थोडे पुढे गेले की मिठागरे होती, आणि भरतीचे पाणी अडवून धरणारे मातीचे बांध होते. आता तिथून बंदराकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांची रांग चालू असते. या गावात एका शेतकरी घरात १३ जानेवारी १९२६ रोजी दिनकर बाळू पाटील यांचा जन्म झाला. सरकारी कागदांत ते दि. बा. पाटील, आणि उरण-पनवेलच्या माणसांच्या तोंडी नुसते ‘दिबा’. जवळजवळ साठ वर्षे हा माणूस राजकारणात होता. पाच वेळा आमदार झाला, दोन वेळा खासदार झाला, मंत्री मात्र कधी झाला नाही. तरीसुद्धा मंत्र्यांची नावे लोक विसरले आणि याचे नाव विसरले नाहीत. ते का, एवढेच मला आज सांगायचे आहे.

त्यासाठी आधी जमिनीची हकीकत सांगायला हवी. देशावरच्या श्रोत्यांना खाऱ्या जमिनीची शेती ठाऊक असेलच असे नाही. खाडीच्या काठची जमीन म्हणजे खाजण. भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालायचा, पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडण्यासाठी बांधाला उघाडी ठेवायची, चारदोन पावसाळे मीठ धुऊन जाऊ द्यायचे, मग कुठे भात उभे राहते. एका उधाणात बांध फुटला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे बांध कुणा एकाच्याने राखले जात नाहीत. सारे गाव उतरावे लागते. आगरी, कराडी, कोळी समाजाच्या पिढ्यांनी समुद्राकडून अशी हातहात जमीन काढून घेतली. पण ज्याने जमीन केली तो तिचा मालक नव्हता. मालक खोत किंवा सावकार. कुळाने पिकवायचे आणि खंड म्हणून पिकाचा मोठा वाटा त्याच्या दारात नेऊन टाकायचा.

याविरुद्ध कुलाबा जिल्ह्यात फार जुना झगडा आहे. अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमिनी कसल्याच नाहीत. लाकूडफाटा विकून, मासळी मारून दिवस काढले, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. असाच झगडा आयर्लंडात १८८० साली झाला होता. तिथल्या मेयो परगण्यातल्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याचे काम कुळांनी बंद पाडले, त्याच्याशी बोलणेसुद्धा टाकले. त्या कारभाऱ्याचे नाव कॅप्टन बॉयकॉट. तेच नाव पुढे जगभर बहिष्काराला पडले. आपल्या चरीचा शब्द काही कोशात गेला नाही, पण चिवटपणात ही माणसे मेयोच्या शेतकऱ्यांना हार जाणारी नव्हती.

दिबा या वातावरणात वाढले. ते चार वर्षांचे असताना, २५ सप्टेंबर १९३० रोजी, त्यांच्याच तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसे पडली होती. मोठेपणी त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, पनवेलला वकिली सुरू केली आणि शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा हाती घेतला. त्या काळी कुलाबा जिल्ह्यात वकिली म्हणजे निम्मी कुळांची वकिली. १९४८ च्या कूळकायद्याची कलमे कोर्टात उलगडून सांगायची, तलाठ्याच्या दप्तरात कुळाचे नाव लागले की नाही ते पाहायचे. या कामात माणूस एक गोष्ट शिकतो. जमीन नुसती शेतात नसते, ती कागदावरही असते, आणि कागद आपल्या बाजूला नसेल तर शेत फार दिवस आपल्याकडे राहत नाही.

१९५७ साल आले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. समितीच्या लाटेत दिबा पनवेलमधून पहिल्यांदा मुंबई राज्याच्या विधानसभेत गेले. त्याच वर्षी १ एप्रिलला, ज्याला कृषकदिन म्हणतात त्या दिवशी, कायद्याने कूळ हे कसणाऱ्या जमिनीचे मालक झाले. आज्याने बांध घातला, बापाने खंड भरला, आणि नातवाच्या नावावर सातबारा झाला. हा योगायोग मला फार बोलका वाटतो, कारण पुढे काय झाले ते पाहा.

मुंबई शहरात माणूस मावेनासा झाला होता. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघा जाणकारांनी अशी सूचना मांडली की शहर उत्तरेकडे लांबवत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवीन शहर वसवावे. सूचना अभ्यासपूर्ण होती, हे मान्य केलेच पाहिजे. सरकारने ती उचलली. १७ मार्च १९७० रोजी सिडको हे महामंडळ स्थापन झाले. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतली ९५ गावे आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश नव्या शहरासाठी मुक्रर झाला. म्हणजे कूळ मालक झाल्याला तेरा वर्षे होतात न होतात तोच जमीन संपादनाची नोटीस दारात आली. काही घरांत तर जमिनीची किंमत सरकारात भरून पुरी व्हायची होती.

आता यातले अर्थकारण नीट समजून घेऊ या, कारण सारा लढा त्यावरच उभा आहे. नवे शहर उभारायला पैसा कुठून आणायचा? योजनाकारांचे उत्तर असे होते की जमिनीतूनच. सगळी जमीन आधीच शेतीच्या भावाने घ्यायची, रस्ते, पाणी, गटारे करायची, म्हणजे भाव चढेल. त्या चढलेल्या भावाने भूखंड विकायचे आणि त्या पैशातून शहर बांधायचे. हिशेब चोख होता. फक्त ज्याच्या जमिनीवर हे सारे भांडवल उभे राहणार, तो त्यात भागीदार नव्हता. त्याला एकदा मोबदला दिला की तो हिशेबातून बाहेर.

आणि कायदाही तसाच होता. जमीन संपादनाचा कायदा १८९४ चा, इंग्रजांनी केलेला. किंमत ठरवायची ती नोटीस निघाल्या दिवशीच्या बाजारभावाने, मग पैसे मिळायला कितीही वर्षे लागोत. शिवाय त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात स्पष्ट लिहिले होते की, संपादनानंतर जमिनीचा जो उपयोग होणार त्यामुळे वाढणारी किंमत हिशेबात धरता कामा नये. दिबा वकील होते, त्यांना हे पाठ होते. शेतकऱ्यांनी ‘भाव वाढवून द्या’ म्हणणे सोपे होते, आणि ते त्यांनी म्हटलेही. पण त्यांची खरी मागणी निराळी होती : पैसे तर द्याच, पण विकसित झालेल्या जमिनीतला हिस्साही द्या. म्हणजे कायद्याने जी वाढ मोजायची नाही असे सांगितले होते, नेमक्या त्याच वाढीत शेतकऱ्याचा वाटा. कोर्टात ही मागणी टिकली नसती. ती रस्त्यावर आणि विधानसभेतच मांडावी लागणार होती.

विधानसभेत ते १९५७ पासून १९८० पर्यंतच्या निवडणुकांत मिळून पाच वेळा निवडून गेले. १९७२ नंतर विरोधी पक्षनेतेही होते. १९७७ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेत गेले. एका लहान पक्षाच्या माणसाला सभागृहात मते मोजून काही मिळवता येत नाही. त्याला प्रश्न विचारून, सरकारचे आकडे सरकारच्याच तोंडून वदवून घेऊन काम साधावे लागते. आमच्या शिक्षक बंधूंनी नागरिकशास्त्र शिकवताना मंत्रिमंडळाची कामे सांगावीतच, पण विरोधी बाकावरचा माणूस तीस वर्षे काय करतो, हेही मुलांना सांगावे. पुस्तकात त्याला एखादी ओळ मिळते.

सत्तरीचे दशक मोजणी, हरकती, मोर्चे आणि बैठका यांत गेले. दरम्यान न्हावा-शेवा बंदराची योजना पुढे आली आणि उरण तालुक्यातल्या गावांवर जमीन देण्याचा तगादा वाढला. १९८४ च्या जानेवारीत, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, सरकारने पोलीस बंदोबस्तात जमिनी ताब्यात घ्यायचे ठरवले. गावेच्या गावे रस्त्यावर आली. बायाबापड्या पुढे होत्या. १६ जानेवारीला जासईजवळ दास्तान फाट्यावर गोळीबार झाला. चिर्ले आणि धुतुम या गावांतले दोघे जण पडले. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, नवघर फाट्यावर पुन्हा गोळ्या सुटल्या आणि पागोटे गावचे तिघे गेले. दोन दिवसांत पाच माणसे. दिबांचा अठ्ठावन्नावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले होते, आणि हे सारे त्यांच्या स्वतःच्या गावाच्या शिवेवर घडले. त्या गावांत दर वर्षी १६ आणि १७ जानेवारीला हुतात्म्यांना मानवंदना देतात.

नेत्याची परीक्षा गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी होते असे मला वाटते. माणसे मेल्यावर एक तर लढा पेटून भडकतो आणि विझतो, नाही तर घाबरून बसतो. इथे दोन्ही झाले नाही. मागणी होती तीच राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक आली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती निवडणूक. काँग्रेसने चारशेच्या वर जागा जिंकल्या, मोठमोठे विरोधी पुढारी वाहून गेले. कुलाब्यात मात्र दिबा निवडून आले. साऱ्या देशात त्यांच्या पक्षाची ती एकच जागा.

पुढे ६ मार्च १९९० रोजी शासनाने निर्णय काढला आणि २८ ऑक्टोबर १९९४ च्या निर्णयाने त्यात भर घातली. सिडकोने ज्यांची जमीन घेतली त्यांना घेतलेल्या क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत द्यायची. हीच ती साडेबारा टक्क्यांची योजना. गुरुजींनी हे गणित एकदा फळ्यावर घालून पाहावे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के कापून घ्यायचे, म्हणजे दीड गुंठा गेला. हाती राहिले साडेतीन गुंठे, म्हणजे पावणेनऊ टक्के. तेही मालकीचे नव्हे, साठ वर्षांच्या पट्ट्याने. त्यावर दीडपट बांधकाम करायची परवानगी, आणि त्यातला पंधरा टक्के भाग दुकानांसाठी वापरता येईल. चाळीस गुंठ्यांतून साडेतीन ऐकायला थोडे वाटतात. पण शेताचे साडेतीन गुंठे वेगळे आणि शहरातल्या रस्त्याकाठचे वेगळे. आणि मुख्य म्हणजे, जे कलम शेतकऱ्याला वाढीव किमतीच्या वाऱ्यालाही उभे करीत नव्हते, त्याला वळसा घालून ती वाढ त्याच्या पदरात पडली.

सारे गोड झाले असे मात्र मी सांगणार नाही. जमीन गेली १९७० नंतर आणि भूखंड मिळाला वीस-पंचवीस वर्षांनी. मध्ये एक पिढी निघून गेली. भूखंड वाटपपत्रावरच विकून टाकणारे पुष्कळ निघाले, कारण बांधायला भांडवल नव्हते आणि बिल्डर दारात उभा होता. घर वाढले म्हणून गावठाणाबाहेर दोन खोल्या चढवल्या, तर त्या अनधिकृत ठरल्या. म्हणजे ज्याच्या जमिनीवर शहर झाले त्याचेच घर शहराच्या नियमात बसेना. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, नुसते अंगमेहनतीवर शेतात किंवा मिठागरात जगत होता, त्याच्या वाट्याला तर फारच थोडे आले. बंदराने ज्यांची जमीन घेतली त्यांना आपल्या साडेबारा टक्क्यांसाठी त्याहूनही जास्त वाट पाहावी लागली. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, आणि जमिनीची इरादापत्रे हाती पडू लागली ती २०१४ मध्ये.

दिबांच्या उत्तरायुष्यातली एक गोष्ट त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना रुचली नाही. ज्या पक्षात त्यांनी सारी हयात काढली तो सोडून ते शिवसेनेत गेले. मलाही त्याचे कोडे वाटते. पण गावकऱ्यांना ते फारसे खटकलेले दिसले नाही. त्यांच्या लेखी दिबा हा पक्ष नव्हता, ‘आपला माणूस’ होता.

२४ जून २०१३ रोजी ते वारले. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत संसदेने १८९४ चा कायदा मोडीत काढून नवा भूसंपादन कायदा मंजूर केला. शहर वसवण्यासाठी जमीन घेतली तर विकसित जमिनीतला वीस टक्के भाग राखून, जमीन गेलेल्या कुटुंबांना संपादन आणि विकासाचा खर्च घेऊन देऊ करावा, अशी तरतूद त्यात आहे. जासईच्या माळावर जे मागितले होते ते निराळ्या आकड्यांनी का होईना, देशाच्या कायद्यात आले.

आठ वर्षांनी, २०२१ मध्ये, नव्या विमानतळाच्या नावाचा प्रश्न निघाला. दुसऱ्या एका मोठ्या नावाचा प्रस्ताव झाला होता. १० जूनला गावोगावच्या लोकांनी मानवी साखळी केली, आणि २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, हजारो लोक बेलापूरच्या सिडको भवनावर चालून गेले. त्यांत कितीतरी मुले अशी, की त्यांनी आपल्या घरचे शेत कधी पाहिलेच नव्हते. जून २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिबांचे नाव देण्याचा निर्णय केला. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली.

त्या धावपट्टीसाठी उलवे टेकडी कापली, उलवे नदी वळवली आणि चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशी दहा गावे उठवली. त्यांच्या जमिनीचा हिशेब मात्र २०१४ च्या शासननिर्णयाप्रमाणे साडेबावीस टक्क्यांनी झाला.