विद्यापीठांच्या यादीत बायकांची नावे

दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिले आले आणि 'सीनियर रँग्लर' झाले. हा पहिलाच हिंदी सीनियर रँग्लर. पुण्यामुंबईला त्याचा केवढा आनंद झाला असेल, हे निराळे सांगावयास नको. 'रँग्लर' ही पदवी त्यांच्या नावाला अशी चिकटली की लोक मूळ नाव विसरले. गणितातील रँग्लर म्हणजे नेमके काय, हे ठाऊक नसलेल्या घरांतूनही मुलांना 'परांजप्यांसारखा हो' असे सांगण्यात येई.

त्या काळी केंब्रिजला गणिताचा निकाल सिनेट हाउसमध्ये क्रमाने मोठ्याने वाचून दाखवीत. क्रमवार यादीची ही पद्धत 1909 पर्यंत चालली. विद्वानांचा सन्मान करण्याची ती एक रीतच होती. परंतु याच यादीच्या इतिहासात आणखी एक नाव आहे, आणि ते आपल्या मंडळातील भगिनींनी ठाऊक करून घ्यावे असे मला वाटते. परांजप्यांच्या नऊ वर्षे आधी, 1890 मध्ये, न्यूनहॅम या स्त्रियांच्या कॉलेजातील फिलिपा फॉसेट या मुलीला त्याच परीक्षेत सर्व मुलांहून अधिक गुण मिळाले. मुलींची नावे मुलांची यादी संपल्यावर वेगळी वाचली जात आणि 'अमक्या व तमक्या क्रमांकांच्या मध्ये' असे त्यांचे स्थान सांगत. या मुलीच्या बाबतीत 'सीनियर रँग्लरच्या वर' असे वाचावे लागले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पण ती सीनियर रँग्लर झाली नाही. पहिली येऊनही पहिली नाही, हे गणित कोणत्या ट्रायपॉसमध्ये शिकवीत असतील ते केंब्रिजकरच जाणोत! तिला पदवीसुद्धा मिळाली नाही, कारण स्त्रियांना परीक्षेस बसू द्यावयाचे, उत्तीर्ण म्हणावयाचे, पण पदवी द्यावयाची नाही, असा तेथील नियम होता.

याच्या उलट आपल्याकडची स्थिती पाहावी. कलकत्ता विद्यापीठाने 1878 मध्ये स्त्रियांना परीक्षेचे दार उघडले आणि 1883 साली कादंबिनी बसू (पुढे गांगुली) व चंद्रमुखी बसू या दोघींना बी. ए. ची पदवी दिली. मुंबई विद्यापीठानेही 1883 मध्ये आपल्या नियमांतील 'तो' या शब्दात 'ती'चाही समावेश होतो, असा ठराव केला. एका सर्वनामासाठी आमच्या मुली खोळंबल्या होत्या. हा प्रश्न मुंबईत एका ठरावाने सुटला. केंब्रिजला त्याच कामासाठी पुढे पासष्ट वर्षे लागावयाची होती.

मात्र कायद्याने दार उघडले म्हणून आत मानाने बसावयास मिळाले, असे समजू नये. नाशिकला 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. अशा यशस्वी विद्यार्थ्याला विलायतेस जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती त्यांना बाई म्हणून नाकारण्यात आली. इंग्लंडमधील स्नेह्यांनी पैसे जमवून दिले, तेव्हा 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. 1892 मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती आली 1922 साली, तीस वर्षांनंतर.

केंब्रिजचे पाणी याहूनही थंड होते. 1897 मध्ये स्त्रियांना पदव्या द्याव्यात की नाही यावर मतदान झाले, तेव्हा जुन्या पदवीधरांना आगगाडीने बोलावून आणून ठराव मोठ्या बहुमताने हाणून पाडण्यात आला. सिनेट हाउससमोर सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगून विद्यार्थ्यांनी हुल्लड केली. 1921 मध्ये पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा नकार, आणि विजयाच्या उन्मादात पोरांनी हातगाडीची धडक देऊन न्यूनहॅमचे दार मोडले. त्यानंतर तडजोड म्हणून 'नाममात्र पदवी' निघाली. नावापुढे अक्षरे लावा, पण विद्यापीठाच्या कारभारात मत नाही, सभासदत्व नाही. आपल्याकडे हळदीकुंकवाला बोलावून पाटावर मात्र बसवायचे नाही, तशातलाच हा प्रकार.

परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई याच न्यूनहॅममध्ये गणित शिकल्या आणि 1929 मध्ये उत्तीर्ण झाल्या. वडिलांना 1899 साली त्या विद्यापीठाने जे दिले, ते तीस वर्षांनी मुलीला पुरतेपणी देता येईना. बापलेकीच्या एकाच घरात विद्यापीठाचे दोन न्याय!

आता आपल्या घरची खरी गोष्ट सांगते.

कमलाबाई भागवत यांचा जन्म 1911 सालचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. ला 1933 मध्ये त्या पहिल्या आल्या आणि सहजच बंगलोरला अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, नोबेल पारितोषिकाचे मानकरी. त्यांनी नाही म्हटले. कारण एकच: मुलगी आहे. कमलाबाई बंगलोरला जाऊन उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत दारात सत्याग्रह करीन, असे सांगितले. गांधीजींचे दिवस होते. सत्याग्रह हा शब्द मुलींच्याही तोंडी बसलेला होता. रामन यांनी प्रवेश दिला तो अटी घालून: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावयाचे, आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडू द्यावयाचे नाही. ही शेवटची अट वाचून आजही कानशिले तापतात. मुलगा घेताना असली अट कोणी घालते काय? रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर, पण या बाबतीत मन कोते, असे कमलाबाईंनी पुढे स्पष्ट बोलूनही दाखवले.

एक वर्ष त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली काम केले. विषय कोणता, तर दूध आणि डाळी-कडधान्ये यांतील प्रथिने! जे आपण रोज भिजत घालतो, मोड आणतो, शिजवतो, त्याचेच त्या बाईंनी शास्त्र केले. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले, आणि तेथून पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. 1936 मध्ये कमलाबाईंची एम. एस्सी. विशेष गुणवत्तेने झाली.

1937 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला, न्यूनहॅममध्येच गेल्या. जीवरसायनशास्त्राचे आचार्य सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांची ती प्रयोगशाळा. तेथे प्रथम डेरेक रिश्टर व नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, असे त्यांनी दाखवले. पेशींच्या श्वसनक्रियेत या द्रव्याचे मोठे काम असते. अवघ्या चौदा महिन्यांत प्रबंध पुरा झाला, आणि पाने किती, तर सुमारे चाळीस. हजार पानांचे भारे पाहून विद्वत्ता मोजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. 1939 मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञानातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या अगदी पहिल्या हिंदी स्त्रियांपैकी त्या एक. पण केंब्रिजच्या हिशेबी ती तीच, नाममात्र.

त्याच वर्षी केंब्रिजने डॉरथी गॅरड या पुरातत्त्वज्ञ बाईंची आचार्यपदी निवड केली. तेथील ही पहिली स्त्री प्रोफेसर. ज्यांना विद्यापीठाने आपल्या विषयाच्या सर्वोच्च आसनावर बसवले, त्यांना विद्यापीठाच्या सभेत मत देता येत नव्हते! अखेर स्त्रियांच्या पूर्ण पदव्यांचा नियम झाला आणि ऑक्टोबर 1948 मध्ये पहिली पदवी दिली गेली ती राणीसाहेब एलिझाबेथ यांना, मानार्थ. संशोधन करणाऱ्या बायका अर्धशतकाहून अधिक काळ रांगेत होत्या, हे त्या दिवशी कोणाला आठवले असेल का?

जर्मनीत तेव्हा निराळे होते. इरावतीबाई कर्वे यांनी मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए. केले आणि 1928 मध्ये त्या बर्लिनला गेल्या. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हा त्यांचा विषय. मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. युरोपियन कवट्यांत काही वेगळेपण निघेल, ही त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंना तसे काही दिसले नाही आणि त्यांनी तसेच लिहिले. गुरूच्या मताविरुद्ध निष्कर्ष, तोही परक्या देशात, परक्या भाषेत! 1930 मध्ये त्यांना बर्लिनची डॉक्टरेट मिळाली. परत आल्यावर अण्णासाहेबांच्या महिला विद्यापीठात त्यांनी काही वर्षे रजिस्ट्रारचे काम केले आणि 1939 पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन-संशोधन. भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ 1953 चा. मामेबहीण उत्तरेत बहीण आणि दक्षिणेत बायको कशी होते, हे त्यांनी देशभर हिंडून, माणसांना विचारून, डोकी मोजून सांगितले. पण घराघरांत त्यांचे नाव पोचले ते 'युगान्त'मुळे. साहित्य अकादमीचे पारितोषिकही त्याच पुस्तकाला. विदुषीचा गौरव झाला याचा आनंद आहेच. तरी नातेसंबंधांचा तो मोठा ग्रंथ आपल्या किती वाचनालयांत सापडेल?

सन्मानाच्या वाटेवर कागदही आडवे येतात. अण्णा मणी यांनी बंगलोरलाच, रामन यांच्याच प्रयोगशाळेत, हिऱ्यांच्या प्रकाशगुणांवर काम करून 1945 मध्ये मद्रास विद्यापीठाकडे प्रबंध दिला. एम. एस्सी. नाही, या कारणावरून पदवी नाकारली गेली. पुढे त्या भारतीय हवामान खात्याच्या उपमहासंचालक झाल्या. ओझोन, ऊन आणि वारा मोजण्याची साधने त्यांनी देशात तयार करवली. कलकत्त्याच्या असीमा चटर्जी यांचे नशीब बरे म्हणावयाचे: 1944 मध्ये तेथील विद्यापीठाची डी. एस्सी., आणि 1961 मध्ये शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. 1975 मध्ये त्या भारतीय विज्ञान परिषदेच्या सर्वाध्यक्ष झाल्या, त्याही पहिल्याच.

कमलाबाई 1939 मध्ये परत आल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा असे करीत, 1947 मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे पृथक्करण हाती घेतले आणि तीत जीवनसत्त्वे व लोह असल्याचे दाखवून गरीब मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात तिचा उपयोग सुचवला. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. संस्थेचे संचालकपद मात्र अंतर्गत राजकारणामुळे बराच काळ लांबवले गेले, आणि मिळाले ते उशिराच. निवृत्तीनंतर भेसळ ओळखण्याच्या युक्त्या त्यांनी ग्राहक मंडळींना शिकवल्या. 1982-83 मध्ये त्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या अध्यक्ष होत्या.

त्यांच्या थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत. आजारपणाने त्यांची पीएच. डी. अर्धवट राहिली, आणि तरी लोकसाहित्यावर त्यांच्याएवढे काम पदवीवाल्यांतही थोड्यांनी केले. 1975 मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. सरकारी सन्मान देऊ केले, ते दुर्गाबाईंनी नाकारले. एका घरातल्या दोन बहिणी: एकीने दारात उभे राहून मान मिळवला, दुसरीने दारी आलेला परत पाठवला.

1998 च्या जून महिन्यात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने कमलाबाईंचा सत्कार दिल्लीस ठेवला. वय सत्त्याऐंशी. त्या समारंभातच कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, 28 जून रोजी, त्यांचे निधन झाले.