बाळ काचेत असताना आईचे दूध: कसे काढावे, कसे द्यावे

कमी दिवसांचे किंवा आजारी बाळ जन्मताच नवजात शिशू अतिदक्षता विभागात हलवले जाते. घरच्या भाषेत बाळाला ‘काचेत ठेवले’ जाते. आई प्रसूती वॉर्डात असते आणि बाळ दुसऱ्या मजल्यावर, कधी तर दुसऱ्याच गावातल्या रुग्णालयात. घरच्यांची सगळी धावपळ औषधे, तपासण्या आणि पैशांसाठी चाललेली असते. दुधाचा विषय ‘बाळ प्यायला लागले की बघू’ असे म्हणून मागे पडतो. नुकसान होते ते इथेच. बाळ ओढू लागेपर्यंत आठवडे जातात आणि तेवढ्या काळात स्तन रिकामे झाले नाहीत, तर दूध आटते. म्हणून बाळ पिऊ शकत नसले तरी दूध काढायला पहिल्याच दिवशी, शक्यतो पहिल्या काही तासांत सुरुवात करायची असते. सिझेरियन झालेल्या आईलाही हे लागू आहे. तिला बसता येत नसेल, तर पडल्या पडल्या परिचारिकेच्या मदतीने दूध काढता येते.

दूध कशावर ठरते

वार पडली की आईच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि दूध तयार होण्याचा मार्ग मोकळा होतो. त्यामुळे बाळ सातव्या महिन्यात जन्मले तरी आईला दूध येते. पहिले काही दिवस दुधाचे गणित संप्रेरकांवर चालते. त्यानंतर मात्र स्तन किती वेळा आणि किती रिकामे होतात, यावर ते ठरते. दूध साचून राहिले की पुढचे दूध कमी बनवण्याचा संदेश शरीराला मिळतो. प्रोलॅक्टिन हे दूध बनवणारे संप्रेरक रात्री जास्त स्रवते, म्हणून रात्री एकदा तरी दूध काढणे टाळू नये.

ऑक्सिटोसिन हे दुसरे संप्रेरक तयार झालेले दूध पुढे ढकलते. मराठीत यालाच ‘पान्हा फुटणे’ म्हणतात. बाळाला पाहिले, त्याला हात लावला, त्याचा वास आला की पान्हा फुटतो. भीती, वेदना आणि चारचौघांतला संकोच यांनी तो काही वेळ अडतो, पण दूध नाहीसे होत नाही. चिंतेने दूध जाते असे बाळंतिणीला बजावणारे तिची चिंता तेवढी वाढवतात. तिला आडोसा, पाठीवर हात आणि उशाशी बाळाचा फोटो किंवा त्याने वापरलेले दुपटे मिळाले, तर त्याचा जास्त उपयोग होतो.

चार थेंबही पुरतात

पहिल्या दोन-तीन दिवसांत येते ते चीक दूध. ते दाट, पिवळसर आणि अगदी थोडे असते. अर्धा तास प्रयत्न करून वाटीच्या तळाशी चार थेंब जमले की आईला आणि तिच्यापेक्षा जास्त आजूबाजूच्यांना वाटते, दूध आलेच नाही. अशा वेळी बाळाची गरज मोजून पाहावी. 1,200 ग्रॅम वजनाच्या बाळाला डॉक्टरांनी सुरुवातीला किलोमागे दिवसाला 20 मिलि दूध ठरवले, तर दिवसभराचे होतात 24 मिलि. ते दर दोन तासांनी द्यायचे म्हटले, तर एका वेळी 2 मिलि. म्हणजे अर्धा चमचासुद्धा नाही. बाळाला बाकीचे पोषण तोपर्यंत शिरेतून मिळत असते. याहून नाजूक बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला चिकाचे एक-दोन थेंब नुसते लावले जातात.

या थेंबांत जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे आणि पांढऱ्या पेशी भरपूर असतात. कमी दिवसांच्या बाळांमध्ये आतड्याला सूज येऊन त्याचा भाग मरण्याचा एक गंभीर आजार होतो. आईच्या दुधावरच्या बाळांमध्ये तो वरच्या दुधावरच्या बाळांपेक्षा कमी आढळतो. म्हणून ‘एवढेसेच आहे’ म्हणून चीक टाकून देऊ नये. तो सुईविना छोट्या सिरिंजमध्ये ओढून घेता येतो.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान छाती जड होते आणि दूध वाढते. अवघड बाळंतपणानंतर किंवा सिझेरियननंतर याला थोडा जास्त वेळ लागू शकतो. नियमाने दूध काढत राहिलेल्या आईला दोन आठवड्यांच्या सुमारास दिवसाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त दूध येऊ लागते. काचेतल्या बाळाला तेव्हा एवढे लागत नाही, पण पुढच्या महिन्यांची ती तजवीज असते.

हाताने दूध काढण्याची पद्धत

चोवीस तासांत निदान आठ वेळा दूध काढावे, म्हणजे साधारण दर तीन तासांनी. आधी साबणाने हात धुवावेत. उकळलेली किंवा रुग्णालयाने निर्जंतुक करून दिलेली रुंद तोंडाची वाटी हाताशी घ्यावी. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने छाती दोन-तीन मिनिटे शेकून बोटांनी हलके चोळावे.

अंगठा वरच्या बाजूला आणि पहिली दोन बोटे खालच्या बाजूला अशी ठेवावीत की ती बोंडापासून सुमारे 3 सेंमी मागे, काळसर वर्तुळाच्या कडेपाशी येतील. आधी हात छातीच्या दिशेने मागे दाबायचा, मग अंगठा आणि बोटे एकमेकांकडे दाबायची आणि सोडायची. दाबायचे आणि सोडायचे, एवढीच लय ठेवावी. बोटे कातडीवरून घासत पुढे आणू नयेत आणि बोंड ओढू नये, कारण दूध बोंडात नसते, त्याच्या मागे असते. पहिला मिनिटभर काहीच आले नाही तरी थांबू नये. धार मंदावली की बोटे घड्याळाच्या काट्यासारखी फिरवून दुसऱ्या जागी दाबावे. तीन-पाच मिनिटांनी दुसरी बाजू घ्यावी, मग पुन्हा पहिली. सगळे मिळून वीस ते तीस मिनिटे लागतात. दुखत असेल तर पद्धत चुकते आहे असे समजून सिस्टरांना समोर बसवून दाखवायला सांगावे.

चीक दाट असल्यामुळे पहिल्या दिवसांत पंपापेक्षा हातच चांगला. दूध वाढल्यावर दोन्ही बाजूंना एकदम लागणारा विजेचा पंप वेळ वाचवतो, मात्र दुधाला लागणारा त्याचा प्रत्येक भाग दर वेळी धुवावा लागतो. साफ न केलेल्या पंपापेक्षा धुतलेला हात केव्हाही बरा.

छातीत गाठ राहिली, तिथे लाली आली आणि ताप भरला, तर दूध काढणे बंद न करता डॉक्टरांना दाखवावे. अळिवाचे लाडू आणि खीर बाळंतिणीने खुशाल खावी, तिला जास्तीचे अन्न लागतेच. पण रात्रीची पाळी चुकली, तर ती लाडवाने भरून निघत नाही. आईला कोणतेही औषध सुरू असेल, तर ते बाळाच्या डॉक्टरांच्या कानावर घालावे.

वाटीपासून बाळापर्यंत

भांड्यावर आईचे नाव, तारीख आणि दूध काढल्याची वेळ लिहिलेली हवी. एका विभागात अनेक बाळे असतात, त्यामुळे ही चिठ्ठी औषधाच्या चिठ्ठीइतकी महत्त्वाची आहे. ताजे दूध लगेच देणे सर्वांत चांगले. नाही तर सुमारे 25 अंश सेल्सिअस तापमानात ते चार तासांपर्यंत चालते. उन्हाळ्यात आपल्याकडच्या वॉर्डात एवढा गारवा क्वचितच असतो, म्हणून दूध सरळ फ्रिजमध्ये ठेवावे, तेही दारातल्या कप्प्यात नव्हे तर आत. किती तासांत वापरायचे, याबाबत रुग्णालयाचा नियम पाळावा, कारण आजारी बाळांसाठी तो घरच्यापेक्षा कडक असतो. घरून आणायचे दूध बर्फ घातलेल्या डब्यातून आणावे. ठेवलेल्या दुधावर साय धरल्यासारखा थर येतो. ते नासलेले नसते, हलकेच फिरवले की मिसळते. दूध उकळू नये, मायक्रोवेव्हमध्येही ठेवू नये. भांडे कोमट पाण्यात धरून त्याची थंडी मोडावी.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला साधारण 34व्या आठवड्याच्या सुमारास जमतो. त्याआधीच्या बाळाला तोंडातून किंवा नाकातून पोटात सोडलेल्या बारीक नळीने दूध देतात. सिरिंजचा दांडा काढून ती उंच धरली की दूध आपल्या वजनाने उतरते, दाबून ढकलत नाहीत. साधारण 32 ते 34 आठवड्यांच्या बाळाला वाटी-चमच्याने किंवा पलाडाईने पाजता येते. पलाडाई म्हणजे चोच असलेले छोटे भांडे, जुन्या घरांतल्या बोंडल्याचेच भावंड. बाळ जागे असावे, त्याचे डोके उंच धरावे आणि दूध ओठाच्या कोपऱ्यातून थोडे थोडे सोडावे. बाटली टाळलेली बरी, कारण ती निर्जंतुक ठेवणे कठीण असते. बाटल्या आणि वरच्या दुधाच्या पावडरींच्या जाहिरातीला भारतात 1992च्या कायद्याने बंदी आहे.

नळीने पाजत असतानाही बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवता येते. या कांगारू पद्धतीची सुरुवात 1970च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इन्क्युबेटर अपुरे पडत असताना झाली. तिने बाळ उबेत राहते आणि आईचे दूधही वाढते, म्हणून बाळाला छातीवर कधी घेता येईल, हे आईने स्वतःहून विचारावे. बाळाचे पोट फुगले, हिरवी उलटी झाली किंवा शीतून रक्त गेले, तर लगेच सिस्टरांना सांगावे.

आईचे दूध कमी पडले तर

दुसरा पर्याय दुसऱ्या आईच्या दुधाचा, पण तो मिल्क बँकेतूनच घ्यावा, शेजारच्या खाटेवरून नव्हे. आशियातली पहिली अशी बँक डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989मध्ये मुंबईच्या शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिससाठी तपासणी होते. दूध 62.5 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटे तापवून पाश्चरीकृत करतात, जंतूंसाठी तपासतात आणि उणे 20 अंशांवर गोठवतात. तापवल्याने त्यातल्या जिवंत पेशी मरतात आणि काही संरक्षक घटक घटतात. म्हणून हे दूध आईचे दूध पुरेसे होईपर्यंतचा आधार असते आणि ते मिळू लागले तरी आईने स्वतःचे दूध काढणे चालूच ठेवायचे असते. फार कमी वजनाच्या बाळांच्या दुधात डॉक्टर कधी कधी प्रथिने आणि खनिजांची पावडर मिसळायला सांगतात. त्याचा अर्थ आईचे दूध निकस आहे असा नाही. गर्भात शेवटच्या महिन्यांत मिळायचा तो साठा त्या बाळांना मिळालेला नसतो, तो असा भरून काढतात.

बाळ छातीशी लागू लागले तरी नळी एकदम निघत नाही. आधी दूध काढून रिकाम्या केलेल्या स्तनावर त्याला नुसते चोखू देतात, मग दिवसातून एकदा, मग दोनदा अंगावर पाजतात आणि उरलेल्या वेळी नळी किंवा वाटी. बाळ या दिवसांत लवकर दमते आणि सगळे दूध ओढत नाही. त्यामुळे पाजून झाल्यावर उरलेले दूध काढून घेणे घरी गेल्यावरही काही आठवडे चालू ठेवावे लागते. बाळाचे वजन नीट वाढत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते हळूहळू कमी करता येते.