हरताळ, एक्स-रे, उंदराचं विष आणि पायांवरचे केस

'नियमांना हरताळ फासला' हे वाक्य मी गेल्या वीस-बावीस वर्षांत बातम्यांमध्ये इतक्या वेळा लिहिलंय की आता बोटं आपोआप टाइप करतात. हा हरताळ म्हणजे काय, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. दुकानं बंद ठेवायचा हरताळ वेगळा. हा हरताळ म्हणजे पिवळं खनिज, आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळ फासायचा, की अक्षर गेलं. आणि याच हरताळाचा दुसरा जुना उपयोग होता अंगावरचे केस घालवण्याचा.

पोस्ट लांब आहे. विषय बायकांच्या पायांवरच्या केसांचा आहे म्हणून पुरुष मंडळींनी लगेच पुढे सरकू नये. घरात मुलगी, बहीण, बायको असेल तर पैसे तुमच्याही खिशातून जाणार आहेत.

झालं असं की लग्नसराई जवळ आली की आमच्या तालुक्याच्या गावात पेपरात घालून पत्रकं येतात. पूर्वी त्यावर वॅक्सिंगचे दर असायचे. आता तीन-चार वर्षांपासून लेझर असतं. 'वेदनारहित', 'कायमचं', आणि हप्त्याने पैसे भरायची सोय. दोन महिन्यांपूर्वी ओळखीतली एक मुलगी भेटायला आली. लग्नाला पंधरा दिवस राहिलेले आणि दोन्ही पोटऱ्यांवर काळपट चौकोनी डाग, लेझरचं टोक जिथे जिथे टेकलं तिथे तिथे. बातमी होईल का, विचारत होती. झाली नाही, घरच्यांनाच नको होती. मी मात्र 'वेदनारहित' आणि 'कायमचं' हे दोन शब्द आधी कुणी कुणी विकलेत हे शोधायला लागले, आणि त्यातून हे सगळं निघालं.

सुश्रुतसंहितेपासून सुरुवात करू. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात जखमांवरचे साठ उपाय सांगितलेत, त्यात केस काढणं हाही एक. कारण सौंदर्याचं नाही. केसाळ जागेवरची जखम नीट भरत नाही, म्हणून. साधनं सांगितलीत वस्तरा, कात्री, चिमटा, आणि सोबत एक लेप: शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, आंबवलेल्या द्रवात वाटून. तुर्की हमामखान्यांतही चुना आणि हरताळ हेच मिश्रण चालायचं. युरोपातल्या प्रवाशांनी त्याचं नाव 'रुस्मा' असं लिहून ठेवलंय. तिकडे रोममध्ये सेनेका एका स्नानगृहाच्या वर राहायचा आणि खालच्या गोंगाटाबद्दल कुरकुर करायचा. केस उपटणारा माणूस गिऱ्हाईक मिळेपर्यंत स्वतः ओरडतो आणि मिळालं की गिऱ्हाईकाला ओरडायला लावतो, अशी त्याची तक्रार. वेदनारहित तेव्हाही नव्हतं.

चुना आणि गंधक केस का काढतात? केस केराटिनचा बनलेला असतो आणि त्या केराटिनला घट्ट धरून ठेवणारे बंध गंधकाचे असतात. तीव्र अल्कली मिश्रण ते बंध तोडतं आणि केसाचा लगदा होतो. कातडी कमावणारे चुन्याच्या हौदात कातडी भिजवून केस काढतात, त्यामागेही हीच रसायनं. अडचण एवढीच, की आपल्या त्वचेचा वरचा थरही केराटिनचाच. लेप दोन मिनिटं जास्त राहिला तर तो केसावर थांबत नाही. 1934 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गोडार्ड आणि मिकेलिस यांनी दाखवलं की थायोग्लायकोलिक आम्लाचे क्षार अल्कली द्रावणात हे काम करतात. आर्सेनिकची गरज उरली नाही. आज दुकानात मिळणाऱ्या हेअर रिमूव्हर क्रीममध्ये हेच क्षार असतात, आणि त्याचा तो कुजकट वासही गंधकाचाच. म्हणून ट्यूबवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवायचं नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. पायांवरचे केस 'नको असलेले' झाले कधी?

माझी आजी नऊवारी नेसून शेतात जायची. कासोटा मारलेला, पोटऱ्या उघड्या. तिच्या पोटऱ्यांवर केस होते की नव्हते, मला आठवत नाही. कुणी कधी पाहिलं असेल असंही वाटत नाही. आपल्याकडे तान्ह्या बाळाची लव जावी म्हणून अंगावरून कणकेचा गोळा फिरवतात (ती लव काही आठवड्यांत आपोआप जाते, श्रेय कणकेला मिळतं). पण कामकरी बाईच्या पोटरीकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

लक्ष वेधलं ते अमेरिकेत, आणि तारीख सांगता येते. 1915 मध्ये जिलेट कंपनीने बायकांसाठी पहिला रेझर बाजारात आणला, 'मिलेडी डेकोलते' नावाचा. तेव्हा बिनबाह्यांच्या पोशाखांची फॅशन आली होती, म्हणून जाहिरातींचा रोख काखेवर होता. पाय अजून झग्याखाली होते. 1920 च्या दशकात झगे वर चढले आणि पायांची पाळी आली, तरी मोज्यांनी बरंच झाकलं जायचं. मग महायुद्ध. नायलॉनचे मोजे 1940 च्या मे महिन्यात अमेरिकेत सगळीकडे विक्रीला आले आणि 1942 मध्ये नायलॉन पॅराशूटकडे वळलं. मोजे मिळेनात म्हणून बायका पायांना मोज्याच्या रंगाचा द्रव फासायला लागल्या, मागची शिवण भुवईच्या पेन्सिलने काढायची. त्या रंगाखालून केस दिसायचे. मग रेझर. मोजे परत आले, पण सवय गेली नाही. म्हणजे ज्या गोष्टीची आपल्या मुलींना बारा-तेराव्या वर्षी लाज वाटायला लागते, ती लाज शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. त्यातला मोठा वाटा पाते विकणाऱ्यांचा आणि उरलेला युद्धाचा.

लाज तयार झाली की ती घालवणारे येतातच.

1896 साली, एक्स-रेचा शोध लागून जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा व्हिएन्नामध्ये लिओपोल्ड फ्रॉइंड या डॉक्टरने पाच वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर किरण सोडले. केस गळाले. पुढे तिच्या पाठीला जखमाही झाल्या. पण लोकांनी पहिला भाग ऐकला. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट गायझर नावाच्या डॉक्टरने 'ट्रायको' नावाचं यंत्र काढलं. हे लक्ष देऊन वाचा. यंत्र दवाखान्यांत नव्हतं, ब्यूटी पार्लरना भाड्याने दिलेलं होतं. चालवणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या, थोड्या दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या. गिऱ्हाईक बाईने लाकडी कपाटासारख्या खोक्यासमोर बसायचं, खिडकीला गाल लावायचा, काही मिनिटांत काम संपलं. दुखत नाही, वास नाही, सुईसुद्धा नाही. मुख्य गिऱ्हाईकं चेहऱ्यासाठी यायची. जाहिरातीत एक्स-रे हा शब्द ठळक नसायचाच. सगळं शास्त्रीय, सुरक्षित आणि कायमचं.

कायमचं होतं, यात खोटं नाही. काही वर्षांनी कातडी सुरकुतली, पातळ झाली, पांढरे-काळे डाग पडले, न भरणारे व्रण झाले आणि काहींना कॅन्सर. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1929 च्या सुमारास जोरदार इशारे दिले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ट्रायको बंद पडलं. तोवर हजारो बायका त्या खोक्यासमोर बसून गेल्या होत्या. काही ठिकाणी तर अशी यंत्रं त्यानंतरही चोरून चालत राहिली.

त्याच काळात 'कोरेमलू' नावाचं क्रीम आलं. त्यात थॅलियम ॲसिटेट होतं. थॅलियम म्हणजे उंदीर मारायचं विष. क्षयाच्या रोग्यांना रात्री घाम येऊ नये म्हणून पूर्वी डॉक्टर थॅलियम द्यायचे, आणि त्या रोग्यांचे केस गळायचे. ही गोष्ट कुणीतरी धंद्याच्या नजरेने पाहिली. क्रीम वरच्या ओठावर किंवा पायावर लावलं, तरी विष त्वचेतून रक्तात जायचं. केस गळायचे, पण डोक्याचेही. त्यासोबत पोटात कळा, पायांच्या नसा निकामी होणं, नजर जाणं. खटल्यांवर खटले पडले आणि 1932 मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. नुकसानभरपाई कुणाच्या हाती फारशी लागली नाही.

सरकार काय करत होतं? काहीच करू शकत नव्हतं. अमेरिकेचा 1906 चा कायदा अन्न आणि औषधांपुरता होता, सौंदर्यप्रसाधनं त्यात नव्हतीच. तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने कोरेमलूसारख्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं, लोक त्याला 'भयदालन' म्हणायला लागले. अखेर 1938 मध्ये नवा कायदा झाला आणि सौंदर्यप्रसाधनं कक्षेत आली. आपल्याकडे 1940 चा औषध कायदा होता, त्यात सौंदर्यप्रसाधनं 1962 च्या दुरुस्तीने आली. आज ट्यूबवर घटकांची बारीक यादी असते ना, ती कुणाच्या नसा गेल्या म्हणून आली.

बाकीच्या पद्धती भराभर सांगते. वीज सोडून केसाचं मूळ जाळणं, म्हणजे इलेक्ट्रोलिसिस, 1875 मध्ये सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या नेत्रतज्ज्ञाने सुरू केलं, पापणीचे केस आत वळून डोळ्यात टोचतात त्यासाठी. एकेक केस वेगळा मारायचा, म्हणून दोन्ही पायांना कुणी करत नाही. 1986 मध्ये इस्रायलच्या एका किबुत्झमधून 'एपिलेडी' आलं, फिरत्या स्प्रिंगने केस उपटणारं. प्रतिस्पर्ध्याचं यंत्र त्याची नक्कल आहे की नाही यावर युरोपच्या कोर्टांत वर्षानुवर्षं भांडणं झाली, आणि वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळे निकाल दिले. वॅक्स सगळ्यांना माहीत आहे. तिथे दोनच गोष्टी पाहायच्या. एकीच्या पायाला लावलेला चाकू परत त्याच डब्यात जातो का? आणि मुलगी मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेते का? घेत असेल तर वॅक्स नकोच, केसाबरोबर कातडीही निघते.

आणि रेझर. आमच्या गावात रेझर म्हटलं की आया किंचाळतात, 'दाट येतील, राठ येतील!' मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचना-शास्त्रज्ञ बाईंनी 1928 मध्येच दाखवलं की दाढी केल्याने केसांच्या वाढीत फरक पडत नाही. 1970 मध्ये पाच तरुणांचा एकच पाय दर आठवड्याला, असं काही महिने भादरून पुन्हा पाहिलं, तोच निकाल. केसाचं टोक मुळात निमुळतं असतं, पात्याने ते बोथट होतं, म्हणून हाताला टोचतं. एवढंच आहे ते. सगळ्यात स्वस्त, पार्लरला एक पैसा न मिळवून देणारी पद्धत हीच, आणि बदनामही हीच. स्वतःचं पातं, साबणाचा फेस, कोरड्या पायावर नाही. तीन दिवसांनी परत करावं लागेल, हा खरा तोटा.

राहिलं लेझर. 1983 मध्ये बोस्टनच्या अँडरसन आणि पॅरिश यांनी त्यामागचं तत्त्व मांडलं: योग्य रंगाचा प्रकाश योग्य वेळेपुरता सोडला तर तो फक्त गडद वस्तूच तापवतो. केसाच्या मुळातलं मेलॅनिन तापतं आणि मूळ मरतं. गोऱ्या कातडीवर काळा केस असेल तर उत्तम. पण आपल्या सावळ्या त्वचेतही मेलॅनिनच असतं. प्रकाश त्यालाही केस समजतो आणि कातडी भाजते. सुरुवातीची रुबी लेझर यंत्रं त्यामुळेच गोऱ्यांच्याच कामाची होती. सावळ्या त्वचेला लांब तरंगलांबीचा प्रकाश सुरक्षित, म्हणजे 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग. आणि 'कायमचं' या शब्दाबद्दल अमेरिकेचं प्रशासन लेझरला फक्त 'कायमची घट' म्हणू देतं, म्हणजे उगवणाऱ्या केसांची संख्या कमी राहील, इतकंच. मुलीला पीसीओएस असेल, हनुवटीवर, पोटावर केस येत असतील, पाळी चुकत असेल तर आधी डॉक्टरकडे. हार्मोनचा प्रश्न सुटल्याशिवाय केस परत येत राहणार.

मी आमच्याकडच्या एका पार्लरमध्ये गेले, त्या मुलीचं झालं ते नव्हे, दुसऱ्या. मालकीणबाई चांगल्या, कर्ज काढून यंत्र घेतलेल्या. म्हटलं, "वहिनी, हे कुठलं लेझर?" त्यांनी यंत्र फिरवून मागचा स्टिकर दाखवला. 808 लिहिलेलं होतं, म्हणजे डायोड. सावळ्या त्वचेवर चालतं, पण ऊर्जा कमी ठेवून, जपून. मुलगी उन्हात काळवंडलेली असेल तर थांबून. "सेटिंग कोण ठरवतं?" विचारलं. "विकणाऱ्याचा माणूस आला होता ना, दोन दिवस शिकवलं. एकच सेटिंग करून दिलंय, सगळ्यांना तेच." त्या लपवत काहीच नव्हत्या. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा लेझर करायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे. तालुक्यात नसेल तर जिल्ह्याला. तरंगलांबी विचारा, भाजलं तर बघणारा डॉक्टर त्या वेळी जागेवर असतो का विचारा, आधी पोटरीच्या छोट्या तुकड्यावर करून काही दिवस थांबायला सांगा. लग्न पंधरा दिवसांवर असेल तर करू नका. लेझरला तसेही महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने बरेच फेरे लागतात, एकदम नंतर बघा. त्या पंधरा दिवसांसाठी रेझर आहे.