अ‍ॅबरव्हॅन दुर्घटना (१९६६) : खाणीचा टाकाऊ ढिगारा आणि एका गावाचा न्यायासाठीचा लढा

प्रस्तावना

औद्योगिक इतिहासात कोळशाचे उत्पादन, कामगार संघटना, संप आणि राष्ट्रीयीकरण यांचा विचार प्राधान्याने केला जातो. कोळशाबरोबर जमिनीतून वर येणाऱ्या टाकाऊ दगडमातीचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहतो. ही दगडमाती कोठे टाकली गेली, तो निर्णय कोणी घेतला आणि त्याच्या पायथ्याशी कोण राहत होते, हे प्रश्न सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. दक्षिण वेल्समधील अ‍ॅबरव्हॅन या गावी २१ ऑक्टोबर १९६६ रोजी घडलेल्या दुर्घटनेच्या आधारे प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा विचार केला आहे. ही दुर्घटना नैसर्गिक आपत्ती नव्हती आणि तिचा गावावरील आघात त्या एका दिवसापुरता मर्यादित राहिला नाही, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मर्थर टिडफिल शहराच्या दक्षिणेस टॅफ नदीच्या खोऱ्यात वसलेले अ‍ॅबरव्हॅन हे गाव मर्थर व्हेल कोळसा खाणीमुळे वाढले. या खाणीचे काम १८६९ मध्ये सुरू झाले. खोरे अरुंद असल्याने पहिल्या महायुद्धाच्या काळापासून टाकाऊ माल गावाच्या वरच्या डोंगरउतारावर टाकला जाऊ लागला. कालांतराने तेथे सात ढिगारे उभे राहिले. १९४७ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण होऊन त्यांची मालकी राष्ट्रीय कोळसा मंडळाकडे आली. मालक बदलला, परंतु ढिगाऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली नाही. खाणीच्या आतील सुरक्षिततेसाठी तपशीलवार नियम होते. बाहेरच्या ढिगाऱ्यांच्या स्थैर्याविषयी मात्र कायद्यात तरतूद नव्हती.

सातव्या क्रमांकाचा ढिगारा १९५८ मध्ये सुरू करण्यात आला. जागेची रीतसर भूशास्त्रीय पाहणी न करता तो झऱ्यांच्या प्रवाहावर रचण्यात आला. हे झरे गावकऱ्यांना ठाऊक होते आणि नकाशांवरही दाखविलेले होते. कोळसा धुतल्यावर उरणारा बारीक गाळही याच ढिगाऱ्यावर टाकला जात असे. दगडांचा थर पाणी झिरपू देतो. बारीक गाळ मात्र पाणी धरून ठेवतो आणि पूर्ण भिजल्यावर घट्टपणा गमावून द्रवाप्रमाणे वाहू लागतो. तळाशी झरा आणि वर गाळ अशी ही रचना मुळातच धोकादायक होती.

दुर्लक्षित पूर्वसूचना

पूर्वसूचनांचा अभाव नव्हता. १९४४ मध्ये चौथ्या क्रमांकाचा ढिगारा घसरला होता आणि १९६३ मध्ये सातव्या ढिगाऱ्यावरही घसरण झाली होती. त्याच वर्षी स्थानिक नगर प्रशासनाच्या अभियंत्याने पँटग्लास शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या गाळाच्या धोक्याविषयी पत्रव्यवहार केला. १९६५ मध्ये मातांनी शाळेच्या परिसरात साचणाऱ्या पाण्याविषयी मुख्याध्यापिकेकडे निवेदन दिले. हा पत्रव्यवहार नगर प्रशासन आणि कोळसा मंडळ यांच्यात फिरत राहिला, पण ढिगारा हलला नाही. गावातील बहुसंख्य कुटुंबांची उपजीविका त्याच खाणीवर होती. त्यामुळे तक्रार कोठपर्यंत न्यावी, यालाही मर्यादा पडत होती. खाण बंद पडणे ही भीती ढिगारा कोसळण्याच्या भीतीहून अधिक जवळची होती.

२१ ऑक्टोबर १९६६

तो शुक्रवार होता आणि सहामाही सुटीपूर्वीचा शाळेचा शेवटचा दिवस होता. आधीच्या आठवड्यांत मुसळधार पाऊस झाला होता. सकाळी ढिगाऱ्यावर पोहोचलेल्या कामगारांना माथा खचलेला दिसला. वर दूरध्वनी नसल्याने निरोप देण्यासाठी एका कामगारास पायी खाली जावे लागले. सव्वानऊच्या सुमारास ढिगारा सुटला. एक लाख घनमीटरहून अधिक माल घसरला आणि त्यातील सुमारे ३८ हजार घनमीटर गावात शिरला. खोऱ्यात दाट धुके असल्याने गावकऱ्यांना आवाज ऐकू आला, पण समोर काही दिसले नाही. पँटग्लास प्राथमिक शाळा आणि शेजारची सुमारे १८ घरे या लोंढ्यात सापडली.

१४४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ११६ मुले होती. १०९ मुले आणि ५ शिक्षक शाळेतच दगावले. खाणीतून वर आलेल्या कामगारांनी उपसण्याचे काम हाती घेतले. त्यांच्यापैकी अनेकांची स्वतःची मुले त्या शाळेत होती. सकाळी अकरानंतर कोणीही जिवंत सापडले नाही. बेथानिया या प्रार्थनामंदिरात मृतदेह ठेवण्यात आले आणि ओळख पटविण्यासाठी पालक बाहेर रांगेत उभे राहिले.

चौकशी आणि उत्तरदायित्व

न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाने ७६ दिवस कामकाज चालवून १३६ साक्षीदार तपासले. मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स यांनी प्रारंभी झऱ्यांची माहिती असणे शक्य नव्हते अशी भूमिका घेतली होती. ती चौकशीत टिकली नाही. ऑगस्ट १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने दुर्घटनेचा दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला. हेतुपुरस्सर दुष्टाव्यापेक्षा अज्ञान, अकार्यक्षमता आणि संवादाचा अभाव ही कारणे अहवालाने अधोरेखित केली. नऊ कर्मचाऱ्यांवर ठपका ठेवण्यात आला, परंतु कोणावरही खटला भरला गेला नाही. रॉबेन्स यांनी देऊ केलेला राजीनामाही स्वीकारण्यात आला नाही. मृतांत खाणीचा कर्मचारी नसल्याने तत्कालीन खाण कायद्यानुसार ही दुर्घटना नोंदणीयोग्य अपघात ठरत नव्हती, ही बाब त्या कायद्याची दृष्टी स्पष्ट करते.

गावावरील परिणाम

मंडळाने मृत मुलामागे ५०० पौंड दिले. लोकांनी उभारलेल्या मदतनिधीत साडेसतरा लाख पौंडांच्या आसपास रक्कम जमली. तिच्या वितरणावर धर्मादाय आयोगाची देखरेख होती. पालक आपल्या मृत मुलाच्या किती निकट होते हे तपासून मगच मदत द्यावी, अशी सूचनाही पुढे आली. निधीच्या विश्वस्तांनी ती अमलात आणली नाही.

उरलेले ढिगारे गावाच्या डोक्यावर तसेच होते. ते हटवावेत ही गावकऱ्यांची मागणी सुरक्षिततेसाठी आवश्यक नाही म्हणून टाळली गेली. अखेर १९६८ मध्ये ढिगारे काढण्याचे ठरले. त्यासाठी मदतनिधीतून १,५०,००० पौंड घेण्यात आले. मृत मुलांसाठी लोकांनी दिलेल्या पैशातून, दोषी ठरलेल्या संस्थेचा ढिगारा हटविला गेला. ही रक्कम १९९७ मध्ये परत मिळाली, पण व्याजाविना आणि चलनवाढीचा विचार न करता. २००७ मध्ये वेल्सच्या शासनाने आणखी २० लाख पौंड देऊन ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला.

मानसिक आघाताची नोंद त्याहून उशिरा झाली. दुर्घटनेनंतर ३३ वर्षांनी वाचलेल्या व्यक्तींचा अभ्यास करण्यात आला आणि तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणीतील जवळपास निम्म्या व्यक्तींना आयुष्यात केव्हा ना केव्हा आघातोत्तर तणावविकार झाला होता. २९ टक्के व्यक्तींमध्ये तो त्या वेळीही आढळला. वाचलेल्या मुलांची पिढी प्रौढ झाली, परंतु ती सकाळ त्यांच्यासाठी सरली नव्हती.

निष्कर्ष

१. धोक्याची माहिती गावात आणि कार्यालयांत उपलब्ध होती. ती माहिती कृतीत आणण्याची जबाबदारी मात्र कोणावरही निश्चित केलेली नव्हती.

२. राष्ट्रीयीकरणाने मालकी सार्वजनिक झाली, तरी गावकऱ्यांप्रती उत्तरदायित्व आपोआप निर्माण झाले नाही.

३. १९६९ मध्ये ढिगाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र कायदा झाला, परंतु त्याचा रोख मुख्यत्वे चालू खाणींवर राहिला. मर्थर व्हेल खाण १९८९ मध्ये बंद झाली. खाणी गेल्या तरी ढिगारे उरतात, हे २०२० मध्ये टायलर्सटाउन येथे जुना ढिगारा घसरला तेव्हा पुन्हा दिसले. त्यानंतरच्या पाहणीत वेल्समध्ये अडीच हजारांच्या आसपास वापरात नसलेले कोळशाचे ढिगारे नोंदविले गेले आणि २०२५ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करण्यात आला.

४. उत्पादनाच्या आकडेवारीत टाकाऊ मालाची किंमत दिसत नाही. अ‍ॅबरव्हॅनमध्ये ती किंमत प्रथम मुलांनी आणि नंतर त्यांच्या पालकांनी चुकती केली. खाणकामाचा इतिहास लिहिताना खाणीच्या तोंडाइतकेच ढिगाऱ्याच्या पायथ्याकडेही पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.