सरासरी

जून उजाडला की बातम्यांत पावसाआधी ‘सरासरी’ बरसू लागते. शब्द फारसी. ‘सर’ म्हणजे डोकं, टोक. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळंच्या सगळं. ‘सरासर खोटं’ म्हणताना आपण तोच जुना अर्थ वापरतो.

इंग्रजी ‘अ‍ॅव्हरेज’ची कुंडली जास्त खमंग. अरबीतला ‘अवार’ म्हणजे खराबी, नुकसान. इटलीच्या बंदरांत त्याचा ‘अवारिया’ झाला. वादळात जहाज वाचवायला काही माल समुद्रात फेकावा लागे. तो तोटा एकाच्याच माथी न मारता सगळे व्यापारी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घेत. ही वाटणी अठराव्या शतकात गणितात शिरली. सागरी विम्यात ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ अजून त्याच अर्थानं नांदतो.

शाळेत सरासरीचं नाव ‘मध्य’, शेजारी ‘मध्यक’ आणि ‘बहुलक’. मध्य-मध्यक ही जोडी ठरवणाऱ्यांना दहावीची मुलं काय म्हणत असतील, ते छापण्याजोगं नसावं. क्रिकेटमध्ये भागाकार डावांनी नाही, बाद होण्यांनी करतात: कसोटीत ब्रॅडमन ८० डाव खेळले, पण बाद झाले ७० वेळा, म्हणून ६९९६ धावांना ९९.९४.

देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर. त्यात आंबोली आणि माणदेश एकाच हिशेबात. बोलण्यात मात्र भागाकाराची गरजच पडत नाही. ‘सरासरी दोनशे पानं धरा,’ असं आचाऱ्याला सांगितलं की त्याला कळतं, नुसता अंदाज आहे. तो सव्वादोनशेंचा शिधा काढतो.