बिनतारी सेतू

बिनतारी सेतू किंवा वायरलेस ब्रिज हे वाय-फायची जोडणी केवळ लॅन केबलची सोय असलेल्या उपकरणांपर्यंत पोहोचविणारे साधन होय. जुने डेस्कटॉप संगणक, सुरक्षा कॅमेऱ्यांचे डीव्हीआर, काही प्रिंटर आणि सेट-टॉप बॉक्स ही अशी उपकरणे आहेत. घरातील राउटर तारेने आलेले इंटरनेट हवेतून वाटतो. सेतू ते हवेतून घेऊन पुन्हा तारेत उतरवतो. बाजारात हे साधन बहुधा 'रिपीटर' या नावाने मागितले जाते. वस्तुतः रिपीटरचे काम वाय-फायचा पल्ला वाढविणे एवढेच. परंतु अनेक रिपीटरना लॅनचे छिद्र असते व ते सेतूचेही काम करतात, त्यामुळे नावाच्या या गोंधळाने फारसे बिघडत नाही.

पार्श्वभूमी

इथरनेट ही तारेची पद्धत १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी विकसित केली. वाय-फायचे पहिले मानक (आयईईई ८०२.११) १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ पासून परवान्याविना वापरण्यास खुला झाला. त्या सुमाराच्या डेस्कटॉप संगणकांत लॅनची सोय मदरबोर्डवरच असे, वाय-फायची मात्र क्वचितच. पुढे भ्रमणध्वनी आणि लॅपटॉप यांमुळे घरोघरी वाय-फाय आले व हे संगणक चालू स्थितीत असूनही इंटरनेटपासून तुटले. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर शिक्षण ऑनलाइन झाले, तेव्हा घरातील जुन्या संगणकाची विद्यार्थ्यांना पुन्हा आठवण झाली.

नांदेड व लातूर येथील गरज

'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणपद्धतीमुळे लातुरात आणि त्यापाठोपाठ नांदेडमध्ये वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात. खोली भाड्याची, राउटर घरमालकाच्या मजल्यावर आणि भिंतीला छिद्र पाडण्याची मुभा नाही, अशा ठिकाणी केबल ओढणे हा सरळ उपाय बंद होतो. एरवी केबल हाच उत्तम मार्ग आहे. तांब्याची लॅन केबल शंभर मीटरपर्यंत चालते आणि तिला भिंतीची जाडी आड येत नाही.

घरांच्या बांधणीचाही येथे संबंध येतो. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती अतिशय जाड असतात. (३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंती कोसळून मोठी जीवितहानी झाली.) या भिंती रेडिओलहरी शोषून घेतात, सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबमधील लोखंडी जाळी व छपराचे पत्रे त्या परतवून लावतात. राउटरपासून दोन खोल्या पलीकडे वाय-फाय क्षीण होते ते यामुळे. सेतू मात्र संगणकाला चिकटून ठेवावा लागत नाही. जिथे लहरी चांगल्या मिळतात त्या दाराजवळ किंवा खिडकीत तो ठेवून तेथून पुढे खोलीतल्या खोलीत केबल नेता येते. स्वस्त यूएसबी डोंगलपेक्षा सेतूचा मोठा लाभ हाच. शिवाय डोंगलला संगणकात ड्रायव्हर लागतो, डीव्हीआरमध्ये तो बहुधा बसवता येत नाही.

कार्यतत्त्व

वाय-फायवरून राउटरकडे जाणाऱ्या सामान्य फ्रेमवर तीन पत्ते असतात: हवेतून घेणाऱ्याचा, हवेतून पाठविणाऱ्याचा आणि माहिती अखेरीस जिथे जायची त्या स्थळाचा. हवेतून पाठविणारा हाच मूळ प्रेषक, असे त्यात गृहीत धरलेले आहे. त्यामुळे सेतूच्या मागे तारेने जोडलेल्या संगणकाचा स्वतंत्र मॅक पत्ता लिहायला जागाच उरत नाही. राउटरच्या लेखी तो संगणक अस्तित्वातच नसतो. सेतूच्या सर्व पद्धती या एका अडचणीवरील तोडगे आहेत.

पहिला तोडगा 'द्वारा' लिहून येणाऱ्या पत्रासारखा आहे. भाडेकरूची पत्रे घरमालकाच्या पत्त्यावर येतात आणि कोणते कुणाचे हे घरमालक पाहतो, त्याप्रमाणे सेतू स्वतःच्या एकाच पत्त्यावर सर्व व्यवहार करतो व आतील उपकरणांना वेगळे खासगी आयपी पत्ते देतो. यास नॅट म्हणतात. दुसऱ्या तोडग्यात सेतू आयपी पत्ता पाहून आतील उपकरण ओळखतो आणि बाहेर जाताना केवळ मॅक पत्ता बदलतो. तिसऱ्या, डब्ल्यूडीएस या पद्धतीत चौथा पत्ता लिहिला जातो व खरा पारदर्शक सेतू तयार होतो. पण तो राउटर व सेतू दोघांनाही मान्य असावा लागतो. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे येथे अनेकदा जुळत नाहीत.

प्रचलित उपाय

विद्यार्थ्याला बहुधा काहीच विकत घ्यावे लागत नाही. अँड्रॉइड फोन वाय-फायला जोडून यूएसबी केबलने संगणकाला लावल्यास व 'यूएसबी टेदरिंग' सुरू केल्यास वाय-फायचेच इंटरनेट संगणकाला मिळते. वाय-फाय तुटल्यास मात्र फोन मुकाट्याने मोबाइल डेटावर जातो, म्हणून तो बंद ठेवणे बरे. लॅपटॉप असेल तर विंडोजमधील इंटरनेट कनेक्शन शेअरिंग ही १९९९ पासूनची सोय वापरता येते. विंडोज ७ पासून ती लॅपटॉपच्या लॅन बाजूस १९२.१६८.१३७.१ हा पत्ता देते. लिनक्समध्ये हेच काम नेटवर्कमॅनेजर करतो. कायमस्वरूपी सोयीसाठी अडगळीतला जुना राउटरही चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये 'क्लायंट' किंवा 'डब्ल्यूआयएसपी' असा पर्याय आहे का, ते आधी पाहावे. विजेच्या वायरिंगमधून इंटरनेट नेणारी उपकरणेही मिळतात, परंतु दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असल्यास ती भरवशाची ठरत नाहीत.

अडचणी

घरातील राउटर व सेतू या दोघांचाही आतला पत्ता १९२.१६८.१.१ असल्यास नॅट पद्धतीचे काम अडते. सेतूचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ केल्यास ते सुरू होते. याहून त्रासदायक चूक म्हणजे पारदर्शक सेतूवर डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, चालू ठेवणे. मग घरमालकाच्या फोनलाही चुकीचा पत्ता मिळतो, संपूर्ण घराचे इंटरनेट बंद पडते आणि दोष बहुधा नेट पुरविणाऱ्याला दिला जातो.

नॅट सेतूमागील उपकरण बाहेर संपर्क साधू शकते, बाहेरून त्याच्यापर्यंत सरळ पोहोचता येत नाही. दुकानातील डीव्हीआर घरच्या फोनवर थेट दिसत नाही तो यामुळे. कंपनीच्या ॲपमधून मात्र दिसतो, कारण तेथे संपर्काची सुरुवात डीव्हीआर स्वतः करतो. वसतिगृहाच्या वाय-फायवर सेतूमागची सर्व उपकरणे एकाच नावाने मोजली जातात. तेथे हे नियमात बसते का, हे व्यवस्थापनास विचारूनच सेतू लावणे योग्य.

एकच रेडिओ असलेले उपकरण एकाच वेळी रिपीटर म्हणूनही वापरल्यास वेग साधारण निम्म्यावर येतो, म्हणून तारेने पुढे द्यायचे असेल तेव्हा त्याचे वाय-फाय प्रक्षेपण बंद ठेवतात. भारनियमनात राउटर इन्व्हर्टरवर चालू असला तरी सेतू साध्या प्लगवर असल्यास जोडणी तुटते. दोघांसाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात. मात्र काही राउटर ९ तर काही १२ व्होल्टचे असतात आणि पिन सारखीच दिसते, तेव्हा अडॅप्टरवरील आकडा वाचून घ्यावा लागतो.